कालव्याकाठचा कर्करोग

१९१० साली मार्क आर्मंड रफर यांनी तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची मूत्रपिंडं तपासायला घेतली. रफर इजिप्तच्या आरोग्य आणि क्वारंटाइन मंडळाचे प्रमुख होते. जहाजांतून पटकीची साथ देशात शिरू नये, हे पाहणं त्यांचं रोजचं काम. ममींचा अभ्यास उरलेल्या वेळातला. ममीतला अवयव कोरडाठाक आणि ठिसूळ असतो, हात लावला की भुगा होतो. त्याचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याजोगा पातळ काप निघणार कसा? रफर यांनी सोडियम कार्बोनेट आणि अल्कोहोलच्या द्रावणात हे अवयव भिजवून मऊ केले, मग काप काढले आणि त्यांना रंग दिला. विसाव्या राजघराण्याच्या काळातल्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत त्यांना कॅल्शियमने भरलेली अंडी दिसली. काकडीच्या बीसारखी लांबट, एका टोकाला बारीक काटा. कैरोच्या रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरलाही ते अंडं एका नजरेत ओळखू आलं असतं, कारण बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या लघवीत तेच रोज दिसत होतं.

या अंड्यापासून मूत्राशयाचा एक कर्करोग होतो. युरोप-अमेरिकेत किंवा आपल्याकडे मूत्राशयाचा कर्करोग म्हटलं की तो बहुतेक वेळा आतल्या अस्तराच्या पेशींचा, म्हणजे युरोथेलियल जातीचा असतो. त्याचा मोठा साथीदार तंबाखू. अस्तराच्या पेशींनी आपलं मूळ रूप टाकून त्वचेसारख्या चपट्या, थरावर थर असलेल्या पेशींचं रूप घ्यायचं आणि मग त्यातून कर्करोग उगवायचा, असं तिकडे शंभरात मोजक्याच रुग्णांत घडतं. त्याला स्क्वेमस सेल कार्सिनोमा म्हणतात. ही जात आक्रमक. सापडते तेव्हा बहुधा ती मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली असते. जगाच्या पुस्तकांत दुर्मीळ म्हणून नोंदलेला हा कर्करोग विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात इजिप्तमध्ये मात्र नेहमीचा होता. नाईलच्या खोऱ्यातला चाळिशीतला शेतकरी मूत्राशयात गाठ घेऊन आला, तर ती याच जातीची असणार असं डॉक्टर धरून चालत.

त्याची पहिली खूण कोणापासूनही लपलेली नव्हती. मुलाच्या लघवीतून रक्त जायचं, विशेषतः शेवटी शेवटी. आयांना, बापांना, शिक्षकांना सगळ्यांना ते माहीत होतं. माझ्या मते या रोगाचं खरं दुखणं इथेच आहे. गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला जे होतं ते कोणाला रोग वाटत नाही. इजिप्तच्या अनेक खेड्यांत ती मुलगा वयात आल्याची खूण मानली जायची.

बाहेरून आलेल्यांना मात्र ती खटकली. १७९८ मध्ये नेपोलियनची फौज इजिप्तमध्ये उतरली आणि तिच्यातले सैनिकही रक्ताची लघवी करू लागले. रेनूल नावाच्या फ्रेंच लष्करी शल्यवैद्याने १८०८ साली त्यावर टिपण लिहिलं. उष्णता, घाम, घोडदौड अशी कारणं त्या काळी सांगितली जात. दोष पाण्याचा आहे हे सिद्ध व्हायला आणखी शंभर वर्षं जायची होती.

कारण सापडलं ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. थिओडोर बिलहार्झ हे दक्षिण जर्मनीतल्या सिगमारिंगेनचे. जन्म १८२५ चा. आपले शिक्षक विल्हेल्म ग्रीझिंगर यांना इजिप्तच्या राज्यकर्त्यांनी वैद्यकीय सेवेची धुरा सांभाळायला बोलावलं, त्यांच्याबरोबर १८५० साली बिलहार्झही कैरोला आले आणि कस्र अल-ऐनी रुग्णालयात कामाला लागले. तिथे शवविच्छेदनं भरपूर होत. १८५१ च्या १ मे रोजी त्यांनी आपले दुसरे गुरू, प्राणिशास्त्रज्ञ कार्ल थिओडोर फॉन सीबोल्ड यांना पत्र लिहिलं. यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत पांढरे, लांबट कृमी सापडल्याचं त्यात होतं. नराच्या अंगाला पन्हळीसारखी खोबण होती. पुढच्या तपासणीत त्या खोबणीत आणखी एक बारीक कृमी दिसला, तीच मादी. ही जोडी आयुष्यभर अशीच राहते. मादी नराच्या खोबणीत, आणि दोघं रक्तात. वय वर्षं सव्वीस, हाताशी साधा सूक्ष्मदर्शक, आणि माणसाच्या रक्तात राहणारी ही कृमी-जोडी पहिल्यांदा पाहणारे तेच.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी खरा धागा जोडला. मेलेल्या रुग्णांच्या मूत्राशयाच्या अस्तरावर त्यांना खरखरीत चट्टे, मांसल वाढ आणि त्यात अडकलेली काटेरी अंडी दिसली. मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहणारी मादी अंडी घालते. ती भिंतीतून वाट काढत आत येतात, लघवीवाटे बाहेर पडतात, आणि वाट फोडताना रक्त येतं. सगळी अंडी मात्र बाहेर पडत नाहीत. पुष्कळशी भिंतीतच अडकून मरतात. ग्रीझिंगर यांनी १८५४ साली कस्र अल-ऐनीतल्या ३६३ शवविच्छेदनांचा हिशेब मांडला, तेव्हा ११७ शवांत हा कृमी सापडला होता. जवळजवळ तिघांत एक.

बिलहार्झ यांना हे काम पुढे न्यायला आयुष्य मिळालं नाही. १८६२ साली एका जर्मन सरदाराच्या लवाजम्यासोबत ते तांबड्या समुद्राकाठच्या मसावाला गेले, परतताना तापाने आजारी पडले आणि कैरोत वारले. वय ३७. त्यांचं नाव रोगाला चिकटलं. शास्त्रीय नामावलीत कृमीचं नाव शिस्टोसोमा ठरलं, पण इजिप्तमधल्या लोकांच्या तोंडी हा रोग आजही बिलहार्झिया आहे.

आता कर्करोगाकडे. अलेक्झांड्रियातले जर्मन शल्यवैद्य कार्ल गोबेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बिलहार्झिया आणि मूत्राशयाच्या गाठी यांची सांगड घातली होती. पण ज्या अभ्यासाचा आधार पुढे सगळ्यांनी घेतला, तो ए. आर. फर्ग्युसन यांचा, १९११ सालचा. फर्ग्युसन कैरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या निबंधात मूत्राशयाच्या कर्करोगाचे चाळीस रुग्ण आहेत. चाळीस ही संख्या आज लहान वाटेल. त्यांनी जे पाहिलं ते मात्र नेमकं होतं. गाठीच्या आसपासच्या भिंतीत अंडीच अंडी. मूळच्या नाजूक अस्तराची जागा चपट्या पेशींच्या थराने घेतलेली, कुठे कुठे केराटिन, म्हणजे नखा-केसांत असतो तो पदार्थ, तयार झालेला. मूत्राशयात केराटिनचं काहीच काम नसतं. वर्षानुवर्षांच्या जखमेला शरीराने काढलेला तो तोडगा असतो, आणि त्या तोडग्यातूनच कर्करोग निघतो.

फर्ग्युसन यांनी अंड्यांच्या सततच्या टोचणीला कारण मानलं. आज त्यात आणखी काही धागे जोडले गेले आहेत. बिलहार्झियाने सडलेल्या मूत्राशयात जंतुसंसर्ग ठाण मांडतो, त्या जंतूंमुळे लघवीत नायट्रोसअमाइनसारखी कर्करोगकारक संयुगं तयार होतात, लघवी पूर्ण बाहेर पडत नाही आणि ती संयुगं आतल्या आत साचून राहतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक विभागाने, १९९४ साली या कृमीच्या संसर्गाला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. फर्ग्युसन यांच्यानंतर ८३ वर्षांनी.

बिलहार्झ आणि फर्ग्युसन यांच्या मधल्या काळात डॉक्टरांना जिवंत माणसाच्या मूत्राशयात डोकावता येऊ लागलं होतं. मॅक्स निट्झे यांनी १८७७ साली ड्रेस्डेनमध्ये पहिली सिस्टोस्कोप दाखवली. मूत्रमार्गातून आत सरकवायची नळी, तिच्यात भिंगांची रांग, आणि टोकाला प्रकाशासाठी तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार. ती तार रुग्णाला भाजू नये म्हणून भोवती सतत थंड पाणी खेळवावं लागे. काही वर्षांतच एडिसनच्या दिव्याची लहान आवृत्ती त्या टोकाला बसली आणि पाण्याचा खटाटोप संपला. बिलहार्झियाच्या रुग्णात या दुर्बिणीतून पिवळसर, वाळू पसरल्यासारखे चट्टे दिसत. अस्तर पातळ होऊन खाली मेलेली अंडी दिसू लागली की ते तसे दिसतात, आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांना वाळूच्या चट्ट्यांचंच नाव आहे. हे दृश्य एकदा पाहिलं की निदान पक्कं.

कर्करोगाच्या रुग्णात मात्र दुर्बीण हतबल व्हायची. अशा मूत्राशयाची भिंत आखडलेली असते. पाणी भरून फुगवावं म्हटलं तर थोड्याच पाण्यात रुग्ण कळवळतो. आत रक्त, गुठळ्या, पू आणि मेलेल्या पेशींचा पांढरा साका. भिंग धुवून पुन्हा आत घालावं तर पुन्हा तेच. साधी बिलहार्झियाची मांसल गाठ आणि कर्करोग यांतला फरक नजरेला समजत नाही. तो समजतो तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच, आणि आजच्या कुठल्याही यंत्राने ही अट दूर केलेली नाही.

क्ष-किरणांनी वेगळीच वाट दाखवली, आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे. मऊ अवयव साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत. मूत्राशय तर नाहीच, ते दिसावं म्हणून त्यात औषध भरावं लागतं. इजिप्तच्या शेतकऱ्याचं मूत्राशय मात्र काहीही न भरता फिल्मवर उमटायचं. भिंतीत मेलेल्या लाखो अंड्यांवर कॅल्शियम साचलेलं असायचं आणि ओटीपोटाच्या हाडांच्या कडीत एक पातळ, पांढरी, गोलाकार रेघ दिसायची. पूर्ण भरलेल्या मूत्राशयाची ती रेघ पाहून जुन्या क्ष-किरणतज्ज्ञांना गर्भाशयातल्या बाळाच्या डोक्याची आठवण झाली, आणि तीच उपमा पुस्तकांत रूढ झाली. नवल असं की एवढी कॅल्शियमने भरलेली भिंतही पुष्कळदा आकसते आणि लघवी बाहेर टाकते. कॅल्शियम स्नायूत नसतं, अस्तराखालच्या अंड्यांत असतं.

या रेघेचा कर्करोगाशी संबंध उलटा आहे. रेघ दिसणं हा रोग जुना असल्याचा पुरावा. कर्करोगाची शंका येते ती रेघ तुटलेली दिसल्यावर. गाठ वाढताना भिंत खाते, तिच्यातली अंडीही नाहीशी होतात, आणि एरवी अखंड असलेल्या वर्तुळात खिंड पडते. जुन्या आणि नव्या फिल्मा शेजारी शेजारी लावून, गेल्या खेपेला होती ती पांढरी रेघ आता उजव्या बाजूला कुठे गेली, हे शोधणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाची नजर वेगळीच असली पाहिजे. जे नाही ते त्याला पाहायचं असतं.

१९२९ साली मोझेस स्विक यांनी शिरेतून टोचायच्या आयोडिनयुक्त औषधाने मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या फिल्मवर आणल्या. मग गाठीने अडवलेली, फुगलेली मूत्रवाहिनी दिसू लागली, आणि औषधाने भरलेल्या मूत्राशयात गाठीच्या जागी पडलेली पोकळीही. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन पुढचे. एमआरआयमध्ये मूत्राशयाचा स्नायू काळसर रेघेसारखा दिसतो आणि गाठ ती रेघ ओलांडते का, हे पाहिलं जातं. २०१८ साली त्यासाठी एक ते पाच गुणांची ‘व्हाय-रॅड्स’ ही पद्धत ठरली. साधनं बदलली, शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न तोच राहिला: रेघ अखंड आहे की तुटली?

दुर्मीळ जातींच्या बाबतीत चित्र कुठे कमी पडतं, तेही नोंदवायला हवं. चित्र गाठीची खोली सांगतं, तिची जात सांगत नाही. प्लाझ्मासायटॉइड नावाची एक जात गोळा न होता पातळ थरासारखी पसरते, पोटाच्या आतल्या आवरणावर सरकते आणि स्कॅनमध्ये हातोहात फसवते. लहान पेशींचा कर्करोग, म्हणजे स्मॉल सेल, मूत्राशयात जेमतेम दिसत असताना दूरवर पोचलेला असू शकतो. अशा रुग्णात विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल हाती येईपर्यंत उपचार ठरवता येत नाहीत, आणि त्यासाठी काढलेल्या तुकड्यात स्नायूचा भाग आलेला असावा लागतो. नाहीतर सगळी तपासणी पुन्हा.

फर्ग्युसन अंडी मोजत होते तेव्हाही ती अंडी माणसात येतात कशी, हे कोणालाच ठामपणे माहीत नव्हतं. कैरोतले मोठे कृमितज्ज्ञ आर्थर लूस यांना खात्री होती की अंड्यातून निघालेली अळी थेट माणसाच्या कातडीतून आत शिरते. अंकुशकृमीच्या अळ्या हातावर सांडल्या आणि कातडीतून शिरल्या, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिलं होतं. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनाखाली ही चूक बरीच वर्षं टिकली. १९१३ साली जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तिथल्या भाऊबंद कृमीची वाट गोगलगायीतून जाते हे सिद्ध केलं. मग महायुद्ध पेटलं, इजिप्तमध्ये ब्रिटिश फौजा आल्या आणि लष्कराला घाई झाली. १९१५ च्या सुरुवातीला रॉबर्ट लायपर यांना कैरोला पाठवण्यात आलं. त्यांनी कैरोजवळच्या अल-मर्ग गावाच्या पाण्यातल्या गोगलगायी गोळा केल्या, त्यांतून निघणाऱ्या शेपटीवाल्या अळ्या प्राण्यांच्या अंगावर सोडल्या आणि वर्तुळ पूर्ण केलं. लघवीतलं अंडं पाण्यात फुटतं, त्यातली अळी बुलिनस जातीच्या गोगलगायीत शिरते, तिथे तिची संख्या हजारपटीने वाढते, आणि दिवसा उन्हात बाहेर पडलेल्या नव्या अळ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची कातडी भेदतात. आतड्याचा रोग करणाऱ्या दुसऱ्या कृमीची गोगलगाय वेगळी आणि त्याच्या अंड्याचा काटा टोकाला नसून बाजूला, हेही त्यांनी लख्ख केलं.

त्याच वेळी इजिप्तचं पाणी बदलत होतं. पिढ्यान् पिढ्या नाईलला वर्षातून एकदा पूर यायचा, शेतं भरायची, पाणी ओसरलं की जमीन कोरडी तडकायची. त्या कोरड्या महिन्यांत गोगलगायी पुष्कळ मरत. इंग्रजांना आणि त्यांच्या आधीच्या राज्यकर्त्यांना कापूस हवा होता, आणि कापसाला बारमाही पाणी लागतं. १९०२ साली अस्वानचं पहिलं धरण पुरं झालं, नंतर दोनदा उंच केलं गेलं. कालवे आणि चाऱ्या वर्षभर वाहू लागल्या. पाण्यात उभं राहून पेरणी, निंदणी, जनावरं धुणं, कपडे धुणं आणि मुलांचं पोहणं, सगळं त्याच पाण्यात. मोहम्मद खलील आणि त्यांचे सहकारी अझीम यांनी १९३० च्या दशकात वरच्या इजिप्तमध्ये बारमाही पाणी नव्याने पोचलेली गावं तपासली. पाणी येण्याआधी तिथे शेकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी लोकांत कृमी होता. तीन वर्षांत तो निम्म्याच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून वर गेला. महाराष्ट्रात कालव्याचं पाणी आल्याचा आनंद आपण पाहिलेला आहे. इजिप्तच्या खेड्यांतही तो तसाच झाला असणार. पिकं दुप्पट झाली. वीस-तीस वर्षांनी मूत्राशयाच्या शस्त्रक्रियांच्या याद्या लांबल्या.

औषध होतं, पण ते सोसणं कठीण होतं. १९१८ साली खार्टूमचे डॉक्टर क्रिस्टोफरसन यांनी टार्टर एमेटिक, म्हणजे अँटिमनीचं एक संयुग, शिरेतून देऊन कृमी मारता येतात असं प्रसिद्ध केलं. शिरेबाहेर थेंब सांडला तर मांस जळायचं. खोकला, उलट्या, हृदयावर ताण. इंजेक्शनांची माळ काही आठवडे चालायची आणि शेतकरी अर्ध्यातच सोडून जायचा. १९४४ साली कैरोत काम करणाऱ्या क्लॉड बार्लो या अमेरिकन डॉक्टरने हा रोग स्वतःला करून घेतला. आफ्रिकेतून परतणाऱ्या सैनिकांमुळे तो अमेरिकेतल्या गोगलगायींत रुजेल का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी जिवंत अंड्यांचा साठा हवा, तो त्यांनी आपल्याच शरीरात नेला. दोनशेहून अधिक अळ्या त्यांनी अंगावर सोडल्या. रक्ताची लघवी, वेदना, ताप सगळं झालं, आणि शेवटी त्याच टार्टर एमेटिकला शरण जावं लागलं. १९४९ साली त्यांनी हेन्री मेलेनी यांच्यासोबत त्याचा अहवाल लिहिला. या डॉक्टरने जे काही महिने सोसलं ते इजिप्तचा शेतमजूर दहाव्या वर्षापासून सोसत होता.

१९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत इजिप्त सरकारने ही इंजेक्शनं गावोगाव दिली. काचेच्या सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, नीट उकळल्या गेल्या नाहीत, आणि हिपॅटायटिस सी एका हातातून दुसऱ्या हातात गेला. हा संबंध २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे आणला. त्या विषाणूची कहाणी स्वतंत्र आहे आणि तितकीच दुःखद आहे.

या रोगाने इजिप्तचा आवाजही नेला. गायक अब्देल हलीम हाफेझ हे शार्किया प्रांतातल्या अल-हलावात गावचे. लहानपणी गावच्या कालव्यात पोहताना त्यांना बिलहार्झिया झाला. त्यांचा प्रकार यकृताचा होता, मूत्राशयाचा नव्हे, पण पाणी तेच. ३० मार्च १९७७ रोजी लंडनमध्ये ते वारले तेव्हा ४७ वर्षांचे होते. त्यांच्या अंत्ययात्रेला कैरोचे रस्ते भरले.

आपल्याकडे हा कृमी नाही, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. आपल्याकडचे कृमितज्ज्ञ तसे सावध होते. मुंबईत एम. बी. सोपारकर यांनी १९२१ सालीच गुराढोरांना होणाऱ्या भाऊबंद कृमीच्या अळीचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. पण माणसाचा, मूत्राशयाचा कृमी भारताच्या मातीत सापडला तो १९५२ साली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात. गाडगीळ आणि शाह या मुंबईच्या डॉक्टरांनी तो शोधला. लघवीत तेच टोकाला काटा असलेलं अंडं. मधला यजमान म्हणून त्यांनी फेरिसिया टेन्युइस या चिमुकल्या, टोपीच्या आकाराच्या गोगलगायीचं नाव पुढे आणलं. बुलिनस आपल्या पाण्यात नाही, आणि कदाचित म्हणूनच गिमवीचं पुढे इजिप्त झालं नाही. पण कोकणातल्या एका गावात रक्ताची लघवी ही खेड्यातली नेहमीची बाब म्हणून न सोडता कोणीतरी ती सूक्ष्मदर्शकाखाली नेली, याचं मोल कमी नाही.

इजिप्तमध्ये कर्करोग झालेल्यांसाठी उरलेला मार्ग शस्त्रक्रियेचा होता, आणि तिथल्या शल्यचिकित्सकांनी त्यात जे केलं ते जगाने मान्य केलं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मन्सूरा शहरात मोहम्मद घोनेम यांच्या पुढाकाराने १९८३ साली मूत्रविकारांचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. १९९७ साली घोनेम आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण मूत्राशय काढलेल्या १,०२६ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक गाठी स्क्वेमस जातीच्या होत्या. पाच वर्षांनी जिवंत असलेले साधारण निम्मे. मूत्राशय काढल्यावर लघवीला नवी वाट द्यावी लागते. तिथल्या डॉक्टरांनी आतड्याच्या तुकड्यापासून नवा साठा घडवण्याचं तंत्र शेकडो शेतकऱ्यांवर वापरून पक्कं केलं, कारण पोटाला पिशवी लावून पाण्यात उभं राहणं शेतमजुराला परवडणारं नव्हतं.

मग आकडे फिरले. प्राझिक्वांटेल ही गोळी जर्मनीत १९७० च्या दशकात तयार झाली आणि १९८० च्या दशकात इजिप्तमध्ये पोचली. शिरेतल्या इंजेक्शनांच्या जागी तोंडाने घ्यायचा एक डोस. टीव्हीवर कालव्याकडे पाठ फिरवा असं सांगणाऱ्या जाहिराती झळकल्या. १९७० साली पूर्ण झालेल्या अस्वानच्या मोठ्या धरणानंतर त्रिभुज प्रदेशातल्या गोगलगायींचाही मेळ बदलला. बुलिनस मागे पडली आणि मूत्राशयाच्या कृमीची जागा आतड्याच्या कृमीने घेतली. कैरोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९७० नंतरच्या काही दशकांत आलेल्या ९,८४३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सुरुवातीच्या वर्षांत स्क्वेमस गाठी सुमारे ७६ टक्के होत्या, शेवटच्या वर्षांत २८ टक्के. युरोथेलियल गाठी १६ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांच्या घरात गेल्या. मूत्राशयाच्या कर्करोगाचं एकूण कर्करोगांतलं प्रमाणही निम्म्याहून खाली आलं. ज्या गाठी उरल्या त्यांच्यामागे आता सिगारेटचा हात मोठा आहे.

हे यश चित्रांनी मिळवलं नाही, याचा विचार चित्रांच्या चाहत्यांनी जरूर करावा, मीही त्यांतलाच. एक्स-रेने तुटलेली रेघ दाखवली तेव्हा कर्करोग स्नायूत पोचलेला असे. दुपारी, अंडी लघवीतून सर्वांत जास्त पडतात त्या वेळेला, शाळेतल्या मुलाची लघवी घेऊन गाळून पाहणं हे त्या रेघेच्या तीस वर्षं आधीचं निदान आहे. त्याला लागतं एक गाळणकागद, एक सूक्ष्मदर्शक आणि रक्ताची लघवी सामान्य मानायला नकार देणारा एक माणूस.

सहाराच्या दक्षिणेला हा कृमी अजून आहे. मलावी, मोझांबिक, अंगोला या देशांत स्क्वेमस जातीचा कर्करोग आजही डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातला आहे, आणि तिथे सिस्टोस्कोपी करणारी रुग्णालयं मोजकी आहेत. पायी नेता येणारं छोटं सोनोग्राफी यंत्र गावात जाऊन मूत्राशयाची जाडावलेली भिंत आणि फुगलेली मूत्रवाहिनी दाखवू शकतं, म्हणून तिथल्या पाहण्यांत ते वापरलं जातं. प्राझिक्वांटेलची गोळी मोठी आणि कडू. शाळेच्या वयाला न पोचलेल्या लहानग्यांना ती देता येत नव्हती. २०२३ च्या डिसेंबरात युरोपच्या औषध नियामकांनी तीन महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या नव्या गोळीला अनुकूल मत दिलं. आज जी मुलं ती गोळी घेतील, त्यांचं मूत्राशय वाचेल. त्यांच्या तिशीतल्या बापांच्या भिंतीत अंडी आधीच अडकलेली आहेत, आणि त्यांच्यासाठी दुर्बीण, तुकडा आणि शल्यचिकित्सक, तिन्ही लागणार आहेत.